सही जुळत नाही

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचे मीटर वाचले.
जिन्याखाली, कपाटामागे, सायकलींच्या ढिगाआड;
कुठे कुत्रं मोकळं, कुठे दारातूनच "पछी आवजो".
टॉर्च दातात धरून
चकतीवरची काळी खूण येताना पाहायची,
आकडा लिहायचा आणि निघायचं.
वीज कोणी जाळली, कशापायी,
हे विचारायचं माझं काम नव्हतं.

घरी मात्र माझाच एक मीटर चालू असे.
मांजलपूर, दुसरा मजला, दोन खोल्या,
सात तारखेला अकरा हजार तीनशे चाळीस.
मी झोपलो तरी तो फिरे.

रिटायर झालो, फंडाचे पैसे आले,
तर निनादने पुण्याहून तक्ता पाठवला.
हिरव्या रकान्यात ठेवी, पिवळ्यात व्याज,
औषधपाण्याला वेगळी ओळ,
खाली लाल अक्षरांत : बाबा, घाई नको.
पोरगा हुशार आहे. गणित बरोबरच होतं.
फक्त सहा तारखेची रात्र
त्याच्या कुठल्याच रकान्यात नव्हती.

कुमुद मेथी निवडत होती.
"भरून टाका," म्हणाली,
"माझ्या गुडघ्याचं बघू पुढच्या वर्षी."
आणि देठ नि पानं
जरा जास्तच नीट वेगळी केली.

बँकेतल्या हेतलबेननी चष्मा वर सरकवला,
"काका, बधा भरी देशो? थोडा हाथमां राखो ने."
मी म्हटलं, हात रिकामाच बरा, झोप लागते.
मोठ्या ऐटीत म्हटलं.
मग रुमाल शोधला.

आणि चेक परत.
सही जुळत नाही.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.
कर्ज घेतलं त्या दिवशीचा भा. र. शिर्के :
'भ'ची गाठ एका दमात मारलेली,
'र्के'वरचा रफार
उत्तरायणातल्या पतंगासारखा
पार कागदाबाहेर निघालेला,
खाली दोन रेघा, त्यावर टिंब.
केवढा माज होता या माणसाला
कर्ज मिळाल्याचा.

सांडलेल्या चहाशेजारी बसून
पेन बांधलेल्या सुतळीएवढ्या अंतरात
मी स्वतःची सही शिकत राहिलो.
पाठकोऱ्या स्लिपा संपल्या.
रफार काही उडेना,
अक्षरावर नुसता बसून राहायचा,
दोर कापलेला.
शेवटी हेतलबेनच म्हणाल्या, राहू द्या,
नवीन नमुना घेऊ. आताची जशी असेल तशी करा.

आताची जशी आहे तशी केली.
नऊ लाख बासष्ट हजार गेले.
पासबुकात उरले, सांगत नाही.

मूळ कागद पंधरा दिवसांनी मिळाले,
जाड पाकिटात, टाचण्यांना गंज.
येताना काळ्या घोड्याच्या पुलावर
माणसं कठड्यावरून वाकलेली.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर,
डोळे मिटून,
तिला कोणाचं काही देणं नसल्यासारखी.
मीही थोडा वेळ तसाच उभा राहिलो,
पाकीट छातीशी धरून.
कोणीतरी म्हणालं, काका, जरा सरका.

पुढच्या सात तारखेला
पहाटे पाचलाच जाग आली.
फोन उलटा ठेवला, सुलटा ठेवला.
मेसेज आला नाही.
भिंतीला हात लावून पाहिला : गार,
चुना हाताला लागला.
आपलाच.

कुमुद दूध घेऊन वर येत होती.
बावीस पायऱ्या आहेत आमच्या.
चौदावीवर ती थांबते,
पिशवी या हातातून त्या हातात घेते.
परवापर्यंत सोळावीवर थांबायची.

मी दार उघडून उभा असतो.
लिहीत नाही कुठे.
पण वाचायची सवय आहे, जात नाही.