चावी

ग्रिम्सबीत, गोदीकडे वळणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान.
डोरीन हॉलग्रेव्ह मीटरची चावी पुढे करते:
"दहा पौंड टाक. नको, सातच."

सातातला काही हिस्सा
तिनं दिवा लावायच्या आधीच जातो,
मीटर भिंतीवर नुसता टांगलेला असल्याचं भाडं.

रेडिओवर कुणी सांगत असतं,
ॲम्स्टरडॅमला दुपारी गॅस चढला,
नॉर्वेतली एक पाइपलाइन दुरुस्तीला काढलीय.
"मी काही ॲम्स्टरडॅम पाहिलं नाही," ती म्हणते,
"त्याला मात्र माझं स्वयंपाकघर पाठ दिसतंय."

क्लीथॉर्प्सच्या वाळूवरून पवनचक्क्या दिसतात.
तिचा नातू त्यांच्यावर चढून नट आवळतो.
वारा फुकट, तो सांगतो,
पण भाव ठरतो सगळ्यात महागड्या भट्टीवरून.
तिनं दोनदा समजावून घेतलं.
तिसऱ्यांदा म्हणाली, "म्हणजे मासळीबाजारात
शेवटच्या गिऱ्हाइकानं हॅलिबट नेला
की माझा बांगडाही हॅलिबटच्या भावात?"
तो गप्प. काय बोलणार!

पावतीची घडी ती पर्समध्ये ठेवते.
बाहेर वारा असा,
की दार दोन्ही हातांनी ओढावं लागतं.
"बघ," ती म्हणते, "आणि हा आपलाच."