नोंद क्रमांक बावीस

गोल्फ मी कधी खेळलो नाही.
पतपेढीत एकतीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासले,
आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात, दापोलीला,
रऊफ सरगुरोहच्या भंगारात
पंख्याच्या पात्यांखाली पहिली काठी दिसली.
लोखंडी डोकं अठ्ठावीस रुपये किलोनं,
लाकूड फुकट.

नावं तरी कशी यांची, बंदरावर लिलावात पुकारावी तशी:
मॅशी, निब्लिक, ब्रॅसी, क्लीक.
कॅम्पातले गोरे गेले, काठ्या मागं पांगल्या.
ज्याच्या हाती जी लागली, ती त्यानं कामाला लावली.
टाळसुऱ्यात एक दाराला अडसर होती,
गिम्हवण्यात एकीवर तोंडलीचा वेल.
आंजर्ल्याच्या एका गृहस्थानं तर
आजोबांची म्हणून दुप्पट किंमत लावली.
दिली मी.

पर्सिमनच्या डोक्याची मिळाली
त्या रात्री ती उशाशी घेऊन निजलो.
पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीचीच
सातासमुद्रापलीकडची बहीण,
हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली,
'घरात एक चेंडू तरी आहे का?'

एकवीस झाल्या. बाविसावी हर्णैला,
जवळ्याच्या वाळवणाशेजारी,
धाकलीबाई पावसेच्या हातात.
कावळा उतरला की ती उठायची नाही.
बसल्या जागी मनगट फिरवायची
आणि वाळूतला शिंपला सणसणत जायचा
कावळ्याच्या शेपटीला चाटून.
पुस्तकातल्या चित्रांत हेच मनगट
मी कितीदा भिंग लावून पाहिलं होतं.

तीन हजार म्हटलं. मग पाच.
'पाचात कावले पन नेशील?'

निदान शिक्का बघू द्या, म्हटलं.
लोखंडावर मीठ चढलेलं, अक्षरं अर्धी खाल्लेली.
मुठीचं कातडं कधीच गेलेलं, तिथं
जाळ्याचं निळं नायलॉन, आट्याला आटा लावून,
माझ्या एकवीसपैकी एकीचीही मूठ इतकी नीट नाही.
राहवेना. एक शिंपला मारून बघितला.
वाळू उडाली. शिंपला तिथंच.
'कोपर मोडू नको,' ती म्हणाली,
'न् कावल्याकडं बघू नको.'

वहीत लिहिलं: बावीस. निब्लिक. दांडा हिकरीचा.
शिक्का अस्पष्ट. ठिकाण हर्णै.
किमतीच्या रकान्यात पेन अडलं,
मग लिहिलं, वापरात.

आता दरवर्षी नारळी पुनवेआधी,
होड्या वर ओढलेल्या आणि काठी दाराआड उभी असते तेव्हा,
जवसाच्या तेलाची बाटली घेऊन जातो.
दांडा पुसतो. गंज घासतो.
'तेल कमी लाव,' ती आतून ओरडते,
'मासलीला वास लागंल.'

परतीच्या एसटीत हातांना खारा वास येत राहतो.
ओळखीचा आहे. हर्णैचे खातेदार भरणा करायचे
तेव्हा काउंटरवरच्या नोटांना यायचा.