बाहीवरचं पीठ

रात्री दोन ते सकाळी नऊ, बेकरी.
राय हे काळपट धान्य, पीठ चिवट,
नखांत बसलं की बसलं.
दहाला प्रयोगशाळा.
टार्टूबाहेरच्या दलदलीतून काढलेली मातीची कांडी
मी थर थर कापते,
सुरीनं, आणि न झालेल्या झोपेनंही.
मग परागकण मोजायचे: भूर्ज, पाइन, भूर्ज, भूर्ज,
डुलकी लागली की पुन्हा एकपासून.

दलदल वर्षाला एक मिलिमीटर वाढते.
माझा प्रबंध त्याहून जरा सावकाश.

मार्चमध्ये, सातशे वर्षं खालच्या थरात
रायचा पराग सापडला. एकच कण.
प्राध्यापक उर्मास माझ्या बाहीकडे बघत म्हणाले,
"हेल्वे, हा तुझ्या बेकरीतला तर नाही?"

आठवडाभर रजा घेतली. बिनपगारी.
धुतलेला कोट, केसांना फडकं,
तीच खोली, नवा तुकडा.
चार कण.

रात्री भट्टीपाशी ल्यूबाला सांगितलं.
पिठाच्याच हातानं तिनं कपाळ पुसलं.
"म्हणजे तेव्हाही कुणीतरी
अर्ध्या झोपेत उठून मळत होतं," म्हणाली,
"बरं, तो दुसरा घाणा काढ आधी.
करपतोय."