दुरुस्तीची रेषा

सहा मैल लांब, सहा मैल रुंद.
आमची टाउनशिप आधी कागदावर जन्मली,
माती तिला नंतर मिळाली.
छत्तीस चौकोन, उजवीकडून डावीकडे, मग उलट,
तासाच्या टोकाला बैल वळावेत तसे आकडे.
सोळावा चौकोन शाळेचा.

मी अस्लॉग ब्रॉटेन, व्हेस्टबीची कारकून, एकोणीस वर्षं.
दर बैठकीला पस्तीस डॉलर, आणि शाळेची ही चावी,
जी फिरवताना दार जरा वर उचलावं लागतं.

मोजणीदार आला ऑक्टोबरात.
चार माणसं, सहासष्ट फुटांची साखळी, एक लंगडं खेचर.
त्याची वही कौंटीच्या तळघरात आहे, मी वाचलीय :
जमीन बरी. गवत छातीएवढं. झाड नाही.
कोपऱ्यावर ओकचा खुंट पुरला, खाली कोळसा,
खुंट कुजला तरी काळं उरेल.
तळ्याशी साखळी थांबली.
तिथे दोनच शब्द : तळं, निनावी.

निनावी कसलं?
चार वर्षांआधी डकोटा माणसांना इथून हाकललं होतं,
नाव त्यांच्या तोंडून त्यांच्याबरोबर गेलं.
विचारायला कुणी उरलं नव्हतं.
असतं, तरी त्यानं विचारलं असतं
असं काही मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

आणि मग, पृथ्वी गोल.
उत्तरेकडे जाल तशा रेषा जवळ सरकतात,
टोपलीच्या कामट्या बुडाशी जुळाव्यात तशा.
चौकोन आवळायला लागतात.
म्हणून दर चोवीस मैलांनी मागचं सोडून
हिशेब नव्यानं मांडायचा. ती दुरुस्तीची रेषा.
ती नेमकी आमच्या उत्तर शिवेवर.
दक्षिणेकडून नाकासमोर आलेला रस्ता तिथे अडतो,
शंभर पावलं पूर्वेला जातो,
मग काही झालंच नाही असा पुन्हा उत्तरेला.

हालवोर त्वेइत नाचाहून परतताना सरळ गेला.
बर्फ होतं.
मे महिन्यात बीट पेरताना त्याचं घड्याळ सापडलं.

तळ्याला चर खणून पाजळवलं, खापरी नळ घातले,
दोन पिढ्या तिथे मका झाला.
ज्या वर्षी एप्रिल संपता संपेना
त्या वर्षी ते परत आलं, आपल्या जुन्या काठापर्यंत,
न विचारता, न चुकता.
विम्याचा माणूस बूट हातात धरून उभा.
पेडर लुंडे म्हणाला,
आजोबांनी उसनं घेतलं होतं.

मार्चचा दुसरा मंगळवार, वार्षिक सभा.
हजर सात. त्यात हागेनांचं घर घेतलेली
नॉ पॉ टू, टर्कीच्या कारखान्यातून थेट,
केसांवर अजून जाळी.
विषय एक : खडी. पाऊण तास.
विषय दोन : रस्त्याचं वळण काढून टाकावं.
सिग्रुन त्वेइतनं मांडलं, दर वर्षी मांडते.
अनुमोदन नाही. दर वर्षी नसतं.
पैसा कुठाय, पेडर म्हणतो, आणि खाली बघतो.
विषय तीन : टाउनशिप विसर्जित करून
सगळं कौंटीच्या गळ्यात घालावं का.
त्यावर कुणी बोललं नाही.
हीटर तेवढा टकटकत राहिला.

मग नॉ पॉ टूनं हात वर केला, शाळेत करतात तसा.
माझ्या खिडकीतून जे पाणी दिसतं, ती म्हणाली,
त्याला काय म्हणतात?

मुंडलचं डबकं, पेडर म्हणाला.
मुंडलच्या आधी?

दीडशे वर्षांत हा प्रश्न या वहीत नाही.
मी मागची पानं चाळल्यासारखं केलं.
तिच्या गावाजवळ एक नदी होती, ती म्हणाली,
नकाशावर तिचंही दुसरंच काही लिहिलेलं असायचं.
खरं नाव तिनं आम्हाला सांगितलं.
सिग्रुननं ते दोनदा म्हणून पाहिलं, दोन्हीदा चुकलं.

इतिवृत्तात मी लिहिलं :
विषय तीन पुढील सभेपर्यंत तहकूब.
तळ्याच्या नावाबाबत डकोटा कार्यालयाला पत्र पाठवणे,
टपालखर्च मंजूर.
कॉफीचं भांडं गळतं, नवीन घेणे.
सभा आठ चाळीसला संपली.

घरी जाताना वळणाशी मी वेग कमी केला.
सिग्रुनची गाडी पुढे होती.
ती थांबली, पूर्वेला वळली,
मग तिचे लाल दिवे उत्तरेला.