एक ते पाच

सरांनी फॉर्म दिला, छत्तीस प्रश्नांचा.
म्हणाले, हसायचं नाही, मान हलवायची नाही,
उत्तर सुचवायचं नाही.
तू भिंत आहेस असं समज.

भिंत होऊन मी अशोक चौकातून आत शिरले.
तिथे मागांच्या खडखडाटात
प्रश्न दोनदा विचारावा लागतो,
आणि दुसऱ्यांदा विचारला की
आपलं पहिलं चुकलं असं वाटून
माणसं उत्तर बदलतात.
(हे वर्गात शिकवलं होतं. मी फक्त अधोरेखित केलं होतं.)

नरसूबाई येमूल उंबऱ्यात बसलेली,
मांडीवर सूप, सुपात ओली पानं, कात्री चालू.

"आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण."
"आज कितवा दिवस?"
"मंगळवार."
"वाराचं नाही ओ. पाण्याचा कितवा?"

त्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो.
पहिल्या दिवशी घागरी भरलेल्या, सून गुणगुणते.
तिसऱ्या दिवशी समोरची मेहरून तांब्या घेऊन येते
तेव्हा दार जरा उशिरा उघडतं.
चौथ्या रात्री सगळे जागे,
कुणी कुणाशी बोलत नाही,
कान पाइपला.
"आज तिसरा. तीन लिही."
मी तीनभोवती गोल काढला.
प्राध्यापक मंडळी त्याला समाधान म्हणतील.

तेवढ्यात वीज गेली. माग एकदम गप्प.
पुढचा प्रश्न नेमका त्या शांततेत पडला:
"सुनेशी संबंध कसे आहेत?"
आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.
"पाच!" नरसूबाई ओरडली,
जणू माग अजून चालूच होते.
आत थापणं पुन्हा सुरू झालं.
मग सुपाच्या आडून
तिनं मला दोन बोटं दाखवली.

फॉर्ममध्ये एकच चौकट होती.

"रात्री दोन वाजता अडचण आली तर कुणाला हाक माराल?"
"मेहरूनला," ती लगेच म्हणाली.
"जिला दार उशिरा उघडता?"
"पाणी वेगळं, हाक वेगळी."
हे मी समासात लिहिलं.
समासात लिहायला मनाई होती.

"एकटं वाटतं का?"
"हजार बिड्या वळायच्या असतात रोज.
त्यातल्या पन्नास तरी तो दुकानदार छाट काढतो,
जाड आहे म्हणतो, सैल आहे म्हणतो.
तेव्हा वाटतं. बिड्यांचं नाही.
परत उचलून आणताना
सगळ्या बाया दुसरीकडं बघतात, त्याचं."

शेवटचा प्रश्न छत्तिसावा:
"तुमचं म्हणणं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतं का?"

कात्री थांबली.
पस्तीस प्रश्न झाले, ती थांबली नव्हती.
सुनेवर नाही, पाण्यावर नाही,
मेलेल्या मुलाच्या प्रश्नावरसुद्धा नाही.
पान अर्धं कापलेलं तसंच हातात.

"तू ऐकतीस की आता," ती म्हणाली.

भिंतीनं मान हलवली.

सरांनी फॉर्म उलटसुलट पाहिला.
समास पाहिला. कुठे काय झालं ते मी खरं सांगितलं.
"बाद," म्हणाले, रागावले नाहीत,
आणि गठ्ठ्यातून तो वेगळा काढला
अंगठ्यानं, सराईतपणे.
मी दुसरीकडं बघितलं.

पुढच्या चौथ्या रात्री मी गेले. फॉर्म नेला नाही.
नरसूबाई उंबऱ्यात जराशी सरकली.
पलीकडे मेहरून, तिच्यापुढे तीन कळश्या,
मांडीवर पेंगणारा नातू.
कुणी विचारलं नाही कशाला आलीस.
मी काहीच मोजत नव्हते, तरी डोक्यात
एक, दोन, तीन, चौथा.

तीन वाजून दहा मिनिटांनी
नळाला आधी नुसती हवा आली.
त्या फुसफुशीवर सगळी गल्ली एकदम बोलायला लागली,
तेलुगूत, उर्दूत, मराठीत,
आणि कुणीतरी, अंधारात तोंड दिसलं नाही,
एक रिकामी घागर माझ्या हातात देऊन म्हणालं,
"धर."