झोन दोन

परिपत्रक कन्नडमध्ये होतं, दीड पानी.
इराप्पानं लॅबमध्ये उभं राहून वाचलं,
मी पिपेट धुता धुता ऐकलं:
येत्या मोसमापासून खानापूर झोन एकमध्ये नाही.
झोन दोन. अथणी, जमखंडी, मुद्देबिहाळ, विजापूर.
"म्हणजे बेळगाव नाही?"
"बेळगाव नाही की," तो म्हणाला,
आणि कागदाची मागची बाजूही बघितली,
तिथं काही लिहिलंय का म्हणून.

चेअरमननी सही केलीच होती.
प्रवासभत्ता दुप्पट, बूट फुकट,
छातीवर साखर कारखान्याचं नाव.
तिकडं कुणीतरी हिरवं प्लास्टिकचं मैदान घातलंय,
त्याला खेळायला पाहुणे हवेत.
झोन दोन झाले की अनुदानंही दोन,
हे गणित मला अटेंडर असून कळलं.

रेषा आम्हाला नव्या नाहीत.
माझा काका मुंबई राज्यात जन्मला,
म्हैसूर राज्यात मॅट्रिक नापास झाला,
कर्नाटकातून रिटायर.
घर तेच. परसातली चिंच तीच.
उंबऱ्याला पडलेला खड्डाही.
पण काकाला फुटबॉल येत नव्हता.
फुटबॉलला समोर कुणीतरी लागतं,
आणि ते रोज नवं चालत नाही.

माझ्यासमोर बस्त्याव होता.
कॅम्पातला, डाव्या पायाचा, तोंडाचा घाण.
एक्क्याण्णवच्या फायनलला त्यानं माझी हासळी मोडली
आणि रिक्षात शेजारी बसून सिव्हिलपर्यंत
मलाच शिव्या घालत आला,
कोकणीत, मग मराठीत, दारात पोचल्यावर कन्नडमध्ये,
कारण डॉक्टर धारवाडचे होते.
तेव्हापासून नाताळला त्याच्या घरून नेवऱ्या येतात,
थंडीत हाड ठणकायला लागतं
त्याच सुमाराला.

परवा जमखंडीला गेलो, किटची पेटी सांभाळायला.
पहाटे तीनची गाडी. मलप्रभेवर धुकं.
तिथली पोरं भली. कडक भाकरी, शेंगाचटणी,
मॅचच्या आधी वाढली, नंतरही वाढली.
बघणाऱ्यांतलं कुणी आमच्या आईबहिणीवर गेलं नाही.
हाफटाइमला आमचा गोलकीपर, गर्लगुंजीचा नागोजी,
हळूच म्हणाला, "मामा, हितं चिडायचं कुणावर?"
मला सांगता आलं नाही.
एक-एक. शिट्टी झाली, सगळ्यांनी हात मिळवले.
त्या गवतातले रबराचे काळे कण
पोरांच्या मोज्यांतून खानापूरपर्यंत आले.

कप माझ्याकडे आहे.
मूळचा तांब्याचा हंडा,
चौऱ्याहत्तर साली कासारानं दोन कान जोडून दिलेला.
पोटावर सालं आणि नावं,
आमची एकोणीस, त्यांची सव्वीस,
एका सालापुढं नुसतं 'बंद' कोरलंय.
जिंकेल त्यानं वर्षभर ठेवायचा,
पुढच्या डिसेंबरात मैदानावर परत आणायचा.
गेल्या वर्षी आम्ही जिंकलो.
आता कुठल्या मैदानावर, हे दीड पानात नाही.
मी तो अ‍ॅसिडच्या बाटल्यांशेजारी ठेवलाय.
दर शनिवारी चिंचेनं घासतो,
पुढच्या नावाची जागा
जरा जास्तच.

काल बस्त्यावचा फोन.
आधी खोकला, मग शिवी, मग:
"कप कुठाय रे?"
"आहे. घासलाय."
"औंदा आमचाच होता तो."
"आता मॅचच नाही की."
बराच वेळ तिकडून काही आलं नाही,
नुसता कुठल्यातरी टेम्पोचा हॉर्न.
"मग तारीख काय बेंगळूरहून येणार हाय?
रविवारी पोरं घेऊन ये. शिट्टी माझ्याकडं हाय.
कप आण.
तेवढं हरायला तरी ये की."