चोक

शनिवार, सकाळचे नऊ. कुंपणापलीकडे
गार्थ हॅस्लेट मॉवरची दोरी ओढतोय.
मी मोजत नाहीये, पण ही सातवी.

एकतीस वर्षं मी इन्व्हरकार्गिलच्या एका दुकानात
छोट्या इंजिनांचे सुटे भाग विकले.
लोक फोनवर आवाज काढून दाखवायचे.
पाद्रीबुवा खोकायचे. शाळेच्या मुख्याध्यापिका
फुर्र फुर्र करून गप्प व्हायच्या,
मग म्हणायच्या, "हे असं. आणि पुढे काहीच नाही."
मी म्हणायचे, डायफ्रॅम गेलाय. साडेचौदा डॉलर.

तर आठव्या हिसक्याला मला कळलंच:
चोक आतून मिटलेला आहे
आणि हा समजतोय, उघडलाय.

नववी. दहावी.
हा वारा थेट दक्षिणेच्या बर्फावरून येतो,
आज माझ्या वाळत्या चादरींना पेट्रोलचा वास देऊन गेला.
प्लग चिंब झाला असणार.
आता कितीही ओढ, बाबा,
बुडालेल्याला पाणी पाजतोयस.

आमचा तीन वर्षांचा अबोला आहे.
मी बहिणीच्या ऑपरेशनला ऑकलंडला गेले होते.
परत आले तर मॅक्रोकार्पाच्या उंच रांगेचे
नुसते बुंधे, आणि समोर याची न्हाणीघराची खिडकी.
म्हणाला, तुम्हालाच ऊन हवं होतं ना.
हवं होतं.
तेच तर.

बाराव्या हिसक्यानंतर त्यानं मॉवरला लाथ घातली.
मग त्याची माफी मागितली. हळू,
पण माझे कान अजून दुकानातलेच आहेत.

चादर अर्धी दोरीवर टाकून मी प्लगचा पाना शोधला.

त्याच्या हाताची पेरं सुजलेली. टोपी काढून उभा राहिला,
जसं काही मी डॉक्टर आणि आत कुणी आजारी.
खटका सशाच्या चित्रावर होता, नेमका.
आत पाकळी मात्र कासवाहून सुस्त,
गळ्यात आडवी पडलेली.
तार ढिली झाली होती, दोन मिलिमीटर.
तेवढंच. वरून सांगितलेलं आत पोचत नव्हतं.

क्लिपचा स्क्रू सैल केला, तार ओढून घेतली, पुन्हा आवळला.
प्लग काढला: काळा, ओला, घासलेटात बुडवलेल्या वातीसारखा.
एप्रनच्या काठाला पुसला.
काठ गेला कायमचा.

"प्लगशिवाय पाच वेळा ओढ," मी म्हटलं.
तीन वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि हे.
त्यानं ओढलं. भोकातून पेट्रोलचं धुकं फुसफुसलं.
"थांब. जरा वारा लागू दे."
आम्ही थांबलो. मागच्या कुरणात कोकरं ओरडत होती.
बोलण्यासारखं पुष्कळ होतं, म्हणून दोघंही
प्लगकडे बघत राहिलो.

मग बसवला. एक हिसका, कोरडा. दुसऱ्याला खोकला,
निळा धूर, आणि इंजिनानं जीव धरला.

त्या गोंगाटात तो काहीतरी विचारत होता.
मला वाटलं, झाडांचं असेल.
"किती झाले?" तो ओरडला.
सवयीनं तोंडातून गेलं: साडेचौदा डॉलर.

पुढच्या शनिवारी पहिल्याच हिसक्याला लागला.
खरं सांगते, मी खिडकीशी उभी होते
आणि मला थोडं वाईटच वाटलं.
टपालपेटीत पैसे होते, सगळी नाणी, बरोबर मोजलेली,
त्यातल्या एकाला चिकटलेलं ओलं गवत.
ते मी अजून पुसलेलं नाही.